डावा घोडा

३ जून

दादास,

तुझं पत्र मिळालं. एकोणीस वर्षांनी आलेलं पत्र चार ओळींचं, आणि त्यातली एक ओळ तुझ्या पत्त्याची.

"लेक आता बुद्धिबळाच्या स्पर्धांत खेळते. काळ्या मोहऱ्यांकडून खेळताना तिला एखादा लवचीक बचाव हवा आहे, समोरच्यानं काहीही खेळलं तरी चालेल असा. तुझ्या वह्या असतील तर पाठव. निदान चौथी."

संपलं. कशी आहेस, काय करतेस, काही नाही. मी कुठं राहते ते मात्र तुला पक्कं ठाऊक दिसतं. पाकिटावर मजलासुद्धा बरोबर होता.

वह्या आहेत. सातही आहेत. चौथीसुद्धा आहे, जी तू माझ्या अंगावर भिरकावली होतीस. तिची शिवण तेव्हा उसवली होती, ती मी खालच्या शिंप्याकडून दोरा आणून पुन्हा घातली. पण मला एक कळत नाही. ज्या वहीनं तुझं वाटोळं केलं असं तू सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलास, तीच वही आता लेकीच्या हातात द्यायला निघालास? का तुझ्यापुरतीच ती चुकीची होती?

बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस आलास. दोन्ही दिवस माझ्याशी जे बोललास ते वहिनीकरवी. "तिला विचार, कपाटाची किल्ली कुठाय." मी तीन फुटांवर उभी होते. मी पण वहिनीलाच सांगितलं, "त्याला सांग, कपाटालाच आहे." बिचारी वहिनी दोघांच्या मधे टपाल वाटत उभी होती.

वह्या मी पाठवणार नाही. रागानं म्हणतेय असं समजू नकोस. राग आहेच, पण तो निराळा. वह्या माझ्या आहेत आणि मला द्यायच्या नाहीत, एवढं पुरे.

मी बरी आहे. विचारलं नाहीस तरी सांगते. अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. मालक थकलेत, त्यामुळं काउंटर मीच बघते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कान दुखतो का विचारायचं आणि काचांच्या पाकिटांवर उजवा-डावा लिहायचं. मालकांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की उजवा-डावा नेहमी गिऱ्हाइकाचा धरायचा, आपला नाही. समोर माणूस बसला की त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. नवखे सगळे तिथंच चुकतात. मी एकदाही चुकले नाही.

बहीण (कागदोपत्री)


२१ जून

दादास,

या वेळी दोन पानं. सुधारणा आहे.

"झालं गेलं विसरून जाऊ" हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, मधे विसरशील म्हणून की काय. विसरायचं म्हणजे नेमकं कुणी? ज्याच्यावर खापर फुटलं त्यानं, का ज्यानं फोडलं त्यानं?

लेक सोळा वर्षांची झाली, ऑगस्टमध्ये तिची निवड स्पर्धा आहे, पांढऱ्यांकडून ती कुणालाही ऐकत नाही आणि काळ्यांकडून मात्र दर वेळी नवा बचाव धरते आणि आपटते, हे सगळं वाचलं. इथवर ठीक होतं. मग तू लिहितोस, "तू मुळात लवचीक स्वभावाची, म्हणून तुला तो बचाव सुचला. मला नसता सुचला."

हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली.

दादा, आपल्या घरात ज्याला वाकवता येतं त्याला लवचीक म्हणायचे. तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. ते टेबल, ज्याच्या एका पायाखाली पुठ्ठा घातलेला असायचा. खिडकीकडची खुर्ची तुझी आणि पांढरी मोहरी तुझी. कायम. बाबा तुझ्या खुर्चीमागं उभे. तू खेळाडू होणार होतास, तुला पांढऱ्यांचा सराव हवा होता, आणि सरावाला समोर कुणीतरी हवं होतं. मी नऊ वर्षांची होते आणि घरात होते.

बाबा खिशातून चिठ्ठी काढायचे. "शनिवारी याची गाठ बँकवाल्याशी आहे. तो असा असा खेळतो. शेपूट, आज तू बँकवाला हो." मी बँकवाला व्हायचे. पुढच्या आठवड्यात कॉलेजातला टकल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरीणबाई, ज्या वजीर लवकर बाहेर काढायच्या. एका वर्षात मी वीस-बावीस लोक झाले. त्यांच्यासारखं चुकायचंसुद्धा, बरं का. एकदा टकल्या म्हणून खेळताना मी जिंकले तर बाबा वैतागले. "अगं, तो असं खेळत नाही!"

पटावरच्या घरांची अक्षरं-आकडे बाबांनी तुला शिकवले, कारण स्पर्धेत चाली लिहाव्या लागतात. मला शिकवले नाहीत. मी कुठं स्पर्धेत जाणार होते? म्हणून मी माझ्या वह्यांत माझ्यासारखं लिहायचे. डावा घोडा, उजवा घोडा, मधलं प्यादं एक घर. सगळी वही तशीच आहे.

मग मी तेरा वर्षांची असतानाचा तो रविवार. बाबा बाहेर गेले होते, तुझ्या पुढच्या सामन्याची चिठ्ठी यायची होती, आणि तू म्हणालास, "आज तुला हवं ते खेळ." मला हवं ते काय, हेच ठाऊक नव्हतं. मी मधलं प्यादं एकच घर सरकवलं. घोडा काढला. उंटाला कोपऱ्यात जागा करून दिली, राजाचा किल्लेकोट केला आणि बसून राहिले. तू काय करतोस ते बघत. तू मधे भिंत घातलीस तेव्हा मी कडेनं गेले. पुढच्या डावात भिंत घातली नाहीस तेव्हा मधूनच घुसले. तिसरा डाव तू अर्ध्यात सोडलास आणि बाबा आल्यावर म्हणालास, "ही काहीतरी भित्रं खेळते." सात वर्षांनी मोठ्या स्पर्धेला निघताना तूच आलास. "ते तुझं भित्रं लिहून दे ना." ती चौथी वही.

आता उरलेलं. शेवटची फेरी, अर्धा गुण मिळाला असता तर संघात होतास, हातात काळी मोहरी. सव्विसाव्या चालीला हरलास. घरी येऊन बाबांसमोर कागद टाकलास. बाबा म्हणाले, "घोडा चुकीचा खेळलास." तू म्हणालास, "वहीत असंच आहे." बाबांनी चौथी वही उघडली, बोट फिरवत वाचली आणि मिटली. "हो, असंच आहे." मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, मी मुद्दाम चुकीचं लिहिलं, जळून. बाबांनी तुला अडवलं नाही.

वहीत चूक नव्हती. तेव्हा सांगितलं, आता पुन्हा सांगते. एक अक्षर चुकलेलं नाही. बाबांना सांभाळलं ती आठ वर्षंही मी हेच सांगत होते. शेवटच्या आजारपणात एकदा पाणी पाजताना त्यांनी विचारलं, "का केलंस गं?" मी म्हटलं, "वहीत चूक नव्हती, बाबा." त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

आणि मी जळत होते का, तर हो. मी एकदाच स्वतःच्या नावानं फॉर्म भरला होता, बायकांच्या स्पर्धेचा. अक्षरं-आकडे चोरून शिकले होते त्यासाठी. त्या फॉर्मचं काय झालं ते तुला आठवतही नसेल. जाऊ दे.

वही मिळणार नाही.

तुझी लवचीक बहीण


९ जुलै

दादास,

तुझ्या लेकीचं पत्र आलं. तू लिहायला लावलंस की तिनं परस्पर लिहिलं, ठाऊक नाही. अक्षर मात्र तुझं आहे, उजवीकडं कललेलं, गाडी पकडायला निघाल्यासारखं.

"आत्या, बाबा म्हणतात की तुझ्याइतकी हट्टी बाई त्यांनी पाहिली नाही. मी पण हट्टी आहे, म्हणून म्हटलं आपलं जमेल. घरात मला भिंगरी म्हणतात, तूही म्हण. मला काळी मोहरी आवडतात. पांढरी असली की सगळे बघत बसतात, आता ही काय करते. काळी असली की समोरच्याला काहीतरी करावं लागतं. पण काळ्यांचं माझं स्वतःचं घर नाही गं. दर स्पर्धेला भाड्यानं राहते. बाबा म्हणाले, तुझं होतं."

"तुझं होतं," असं तू म्हणालास? तिच्यासमोर? का तिनं पदरचं घातलं? विचारत नाही. उत्तर काहीही आलं तरी मला त्रासच होईल.

मी त्या पोरीला पाहिलेलं नाही. बाबांच्या वेळी ती पाच वर्षांची होती आणि तुम्ही तिला तिच्या आजोळी ठेवून आला होता. तिनं "आत्या" असं एका पानात सहा वेळा लिहिलंय. मी मोजलं, हसायचं तर हस.

चौथी वही काल रजिस्टरनं पाठवली. तिच्या नावानं, तुझ्या नाही. पोचल्याची सही तिनंच करावी.

तिला एवढं सांग की लवचीक याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. लोकांना वाटतं, असा बचाव धरला की पाठांतर नको, डोकं नको, दहा चाली डोळे मिटून खेळायच्या. पहिल्या दहा चालींत तसं काही बिघडत नाही, हे खरं. पण पुढं सगळं एका ठिकाणी येऊन अडतं. मधली प्यादी एकमेकांना भिडून बसली की कुठल्या बाजूनं जायचं ते ठरवावं लागतं, राजाच्या की वजिराच्या. तिथं चुकलं की आधीचं सगळं थांबणं फुकट. वहीत ते बाविसाव्या पानावर आहे, जिथं "डावा घोडा मागं घ्यायचा, त्यानं अडवलेलं प्यादं दोन घरं पुढं" असं लिहिलंय. तुला ते पान पाठ असेल.

वहीसोबत दोन ओळी लिहिणार होते, ती कशी वाचायची त्याबद्दल. लिहिल्या आणि फाडल्या. तू आहेस ना शिकवायला.

बहीण


२८ जुलै

दादा,

तुझं पत्र नाही, तिचंही नाही. वही पोचली एवढं पोस्टाच्या पावतीवरून कळलं.

काल दुकानात एक शाळेतल्या बाई आल्या. चार दिवसांपूर्वी मीच त्यांना चष्मा दिला होता. म्हणाल्या, डोकं ठणकतंय, पायऱ्या उतरताना पडता पडता वाचले. मी चष्मा तपासला. उजवी काच डावीकडं, डावी उजवीकडं. माझ्या हातानं बसवलेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "बाई, घरी काही झालंय का?" मी म्हटलं, घरी कुणी असेल तर होईल ना.

बाईंना बसवून तिथल्या तिथं काचा बदलून दिल्या. त्या हसत गेल्या. पायरीवरून पडल्या असत्या तर कसल्या हसणार होत्या.

स्पर्धा बारा ऑगस्टला ना? तिनं वही कुठवर वाचली? तू तिला शिकवताना कुठं बसतोस, टेबलाच्या कुठल्या बाजूला? तू खिडकीकडच्या बाजूला बसून पांढरी आपल्याकडं ठेवून समजावत असशील. तू दुसरं काय करणार म्हणा.

तिला सांग, वही वाचताना पट फिरवून घे. काळी मोहरी आपल्या पोटाशी आणि मग वाच. सगळी वही तशी वाच. नीट सांग, आणि आजच सांग.

मला का म्हणून विचारू नकोस.

बहीण


६ ऑगस्ट

दादा,

तुझं जाड पाकीट तीन तारखेला आलं. गेले तीन दिवस ते एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. मालकांना त्यातली दोन पानं वाचून दाखवली. ते चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "बघा बाई, उशिरा का होईना." त्यांना कशाचंही रडू येतं हल्ली.

माझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच भिंगरीनं पट फिरवला होता तर. तू बाविसावं पान समजावत होतास, वजिराकडचा घोडा मागं घेऊन दाखवत होतास, आणि ती म्हणाली, "बाबा, आत्या काळ्यांच्या बाजूला बसायची ना? मग तिचा डावा म्हणजे आपल्याला उजवा. हा राजाकडचा घोडा आहे." तू नाही म्हणालास. तिनं तुला हाताला धरून उठवलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. तू लिहितोस की तू त्या खुर्चीत बसलास, वही पुन्हा वाचलीस आणि बराच वेळ उठला नाहीस.

पुढचं मला तोंडपाठ झालंय. "चूक वहीत नव्हती, माझ्या वाचण्यात होती. मी त्या बाजूला कधी बसलोच नाही. स्पर्धेला जाताना गाडीतही तुझी वही छोट्या पटावर पांढरी पोटाशी धरून पाठ केली, आणि पाठ केलेलं तसंच खेळलो. पहिल्या दहा चालींत दोन्ही घोडे बाहेर यायचेच, म्हणून तिथं निभावलं. राजाच्या बाजूनं जायचं तिथं वजिराच्या बाजूनं गेलो. बाबांनीही माझ्याच बाजूनं वाचलं. एकोणीस वर्षं तुला खोटं ठरवलं. सामन्याच्या दिवशी दुकानात फोन करून म्हणून दाखवलं तेही तुझ्याच शब्दांत, डावा घोडा, अडवलेलं प्यादं. तुला कळणार तरी कसं? पट फिरव असं तू आता लिहिलंस म्हणजे तुला हे नंतर कधीतरी उमगलं असणार. तरी बोलली नाहीस. माझी लाज राखलीस."

वहिनीला सांगितलंस. काकांना पत्र घातलंस. भिंगरीसमोर कान धरलेस म्हणे. आणि सोबत तिकीट, अकरा तारखेचं, सकाळच्या गाडीचं. "ये, आणि तिच्या खुर्चीमागं उभी राहा."

दादा, हे पत्र मी किती वर्षं मागत होते त्याची तुला कल्पना नाही. बाबा असताना आलं असतं तर मी ते फ्रेम करून त्यांच्या उशाशी ठेवलं असतं. आता ते माझ्या हातात आहे, त्यावर तुझी सही आहे, आणि मला ते घेता येत नाही.

तू त्या फोनमधलं एक वाक्य विसरलास. म्हणजे दोन विसरलास, पण आधी पहिलं.

तू दुपारी बाराच्या सुमारास लॉजमधून फोन केलास. मी काउंटरवर होते, कानाशी रिसीव्हर आणि हातात काचेचं पाकीट, त्यावर उजवा-डावा लिहीत होते. तू आधी म्हणालास, "अगं, ते तुझं फॉर्मचं राहिलंच. बॅगेच्या कप्प्यातच आहे बघ. काल शेवटची तारीख होती म्हणे. पुढच्या वर्षी बघू, स्पर्धा काय पळून जातेय?" आणि हसलास. तो फॉर्म मी तुझ्याजवळ दिला होता, आणि तो द्यायचा ते संघटनेचं ऑफिस तुझ्या लॉजसमोर होतं. रस्ता ओलांडायचा होता फक्त. तू पाच दिवस तिथं होतास.

मी पाकिटावर लिहीत राहिले. तुला वाटलं लाइन गेली. "हॅलो? बरं ऐक, म्हणून दाखवतो." आणि म्हणायला लागलास. पहिल्या दहा चाली बिनचूक. मग डावा घोडा मागं, त्यानं अडवलेलं प्यादं दोन घरं. इथवर माझेच शब्द होते, खरंय. पण तू तिथं थांबला नाहीस. तू म्हणालास, "म्हणजे वजिराच्या अंगाला जागा मोकळी होते, आलं लक्षात."

वजिराच्या अंगाला.

मी तेव्हा तीन वर्षं त्या दुकानात होते. लोकांचे उजवे-डावे रोज उलटून लिहीत होते. मला कळायला पाकिटावरचं अक्षर पुरं व्हायचाही वेळ लागला नाही. तू काय केलंयस, पट कसा धरलायस, संध्याकाळी काय होणार आहे, सगळं एका क्षणात दिसलं. आणि तू विचारलंस, "बरोबर ना?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर."

सामना चारला होता. लॉजचा नंबर माझ्यासमोर कागदावर होता. दोनदा रिसीव्हर उचलला असं मी आत्ता लिहिणार होते, पण ते खोटं आहे. एकदाही उचलला नाही. चार वाजता मी चहा घेतला. तू हरल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला, दादा. दहा मिनिटं असेल. मग बाबांचा चेहरा बघितला आणि तो गेला, आणि परत कधी कसलाच तेवढा झाला नाही.

म्हणून मी उजव्या-डाव्याबद्दल कधी बोलले नाही. बोलले असते तर तुला तो फोन नीट आठवला असता. "वहीत चूक नव्हती" एवढंच म्हणत राहिले, कारण ते खरं होतं आणि त्यामागं मला लपता येत होतं. बाबांनाही तेच सांगितलं, ते विचारत होते तेव्हा. त्यांनी विचारलं होतं "का केलंस," आणि मी उत्तर दिलं ते वहीचं.

आणि गेल्या महिन्यात वही पाठवताना त्या दोन ओळी फाडल्या त्याही याचसाठी. तिनं ते पान तुझ्यासारखं वाचलं असतं तर ती बारा तारखेला तुझ्यासारखी हरली असती, आणि मी इथं बसून पुन्हा म्हणाले असते की वहीत चूक नाही. वीस दिवस मी हे होऊ देत होते. शाळेतल्या त्या बाईंचा चष्मा हातात आला म्हणून मी लिहिलं. नाहीतर लिहिलं असतं की नाही, मला शपथेवर सांगता येणार नाही. तिनं स्वतःच पट फिरवला, त्यात माझं काही नाही.

तू फॉर्म विसरलास ते मी माफ केलेलं नाही. तू मुद्दाम केलं नसशील, तुझ्या डोक्यातच नव्हतं ते. मला तेच माफ होत नाही. पण मी केलं ते मुद्दाम केलं. काकांना आणखी एक पत्र घालावं लागेल तुला. वहिनीला मात्र तू सांगू नकोस. मी समोर येऊन सांगेन, आणि या वेळी मधे टपाल नको.

भिंगरीला काय सांगायचं ते तू ठरव. तिला घर मिळालंय, ते मोडू नको एवढीच विनंती. आणि उरलेल्या सहा वह्या मी आज बांधून ठेवल्यात, त्या तिच्याच आहेत, आपलं काहीही झालं तरी.

तिकीट परत पाठवत नाहीये. ते माझ्याकडं आहे. हे पत्र तुला नऊ किंवा दहाला मिळेल. मी यायला नको असेल तर दुकानात फोन कर. दहाला दिवसभर मी काउंटरवर आहे. नंबर तोच आहे, मीच उचलेन, आणि या वेळी काही चुकीचं म्हणालास तर तिथल्या तिथं सांगेन.

शेपूट